डाव्या खांद्याला एक धक्का

सोमवार, ४ फेब्रुवारी

भिंगरी,

'प्रिय' लिहीत नाही, उगाच खोटं कशाला. पाकिटावर तुझं अक्षर दिसलं तेव्हा म्हटलं कोणीतरी गेलं. नऊ वर्षांत माझ्या वाढदिवसाला एक ओळ टाकली नाहीस आणि आता एकदम चार पानं! घाईघाईनं वाचायला घेतलं, तर आत काय? नवऱ्याचं घोरणं. अगं बाई, त्याचं घोरणं मला काय सांगतेस? तुझा नवरा व्हायच्या आधी तो अकरा वर्षं माझा नवरा होता. तेव्हाही तो घोरतच होता, पण तेव्हा तुला त्यात काही विशेष वाटलं नाही. आईला तर अजिबातच नाही. 'घोरतो म्हणून कोणी नवऱ्याला दवाखान्यात नेतं का गं?' असं ती म्हणाली आणि तू चहा गाळता गाळता हसलीस. मी विसरलेले नाही.

फोन करू का, असं विचारलंयस. करू नकोस. तुझा आवाज ऐकून मी काय बोलेन याचा मलाच भरवसा नाही. कागदावर निदान खोडता तरी येतं.

डॉक्टरांचे प्रश्न तू उतरवून पाठवलेस आणि खाली लिहिलंस, 'ताई, हे तुलाच ठाऊक.' हो, मलाच ठाऊक. तर सांग त्यांना, लग्नाच्या पहिल्या वर्षापासून घोरतो. उताणा झोपला की जास्त. घोरण्याचं एवढं काही नाही गं, कानात बोळे घातले की झालं. भीती त्यानंतरची असते. मध्येच घोरणं तुटतं. छाती हलत असते, पोट हलत असतं, पण नाकातोंडातून काही नाही. नळ सोडलाय आणि पाणीच येत नाही, तसं. आपण उठून बसतो. आता घेईल, आता घेईल, म्हणून त्याच्या तोंडाकडे बघत राहतो. मग एकदम हिसका बसल्यासारखा तो हवा ओढतो आणि पुन्हा घोरायला लागतो. सकाळी विचारलं तर म्हणणार, 'मला काय झालंय? मस्त झोपलो.' एवढा मस्त झोपलेला माणूस दुपारी जेवताना ताटावर डुलक्या घेतो, हे त्याला कधी विचित्र वाटलं नाही.

हे मी बोलून दाखवलं की तो चारचौघांत काय म्हणायचा ते आठवतंय ना? 'हिला माझ्या मरणाची स्वप्नं पडतात.' आयुष्यभर लिलाव पुकारलेला माणूस, वाक्य कुठे फेकायचं ते त्याला बरोब्बर कळतं. सगळे हसायचे. पुढे पुढे हसणं थांबलं आणि माझ्याकडे नुसतं बघणं सुरू झालं. कारण झोपेवाचून मी खरोखरच येड्यासारखी वागायला लागले होते. गॅस चालू ठेवून बाहेर जायचे. दातांच्या लॅबमध्ये एकदा कामाच्या टेबलावरच डोकं टेकून झोपले, इकडे तिकडे प्लास्टरचे जबडे मांडलेले आणि मधोमध मी. मालकांनी फोटो काढून सगळ्यांना दाखवला. तोच फोटो पुढे घटस्फोटाच्या वेळी वकिलाच्या कागदांत लागला, 'मानसिक अस्थिरता' या मथळ्याखाली. तूही पाहिला होतास.

तेव्हा डॉक्टरांना सगळं सांग. काही गाळू नकोस. आणि हो, तू कशी आहेस हे मी विचारलेलं नाही, तरी बसमध्ये झोप लागून तू शेवटच्या थांब्यापर्यंत गेलीस हे वाचलं. तू गंमत म्हणून लिहिलंयस. मला नाही हसू आलं.

ताई


गुरुवार, २१ फेब्रुवारी

भिंगरी,

यंत्र घरी आणून तपासणी झाली म्हणे. बोटाला चिमटा, छातीला पट्टा, नाकाशी नळी. आणि निकाल काय, तर 'सौम्य'.

तुझ्या पत्राच्या समासात त्यानं स्वतः चार शब्द टाकलेत. तीच ती हिरवी शाई, सामानाच्या चिठ्ठ्यांवर लिहायची. 'यंत्र खोटं बोलत नाही. कोणीतरी इतकी वर्षं राईचा पर्वत करत होतं.' कोणीतरी! अकरा वर्षं ज्या बाईनं त्याच्या नाकासमोर तळहात धरून रात्री काढल्या, ती आता कोणीतरी झाली.

अंगाचा तिळपापड झाला गं माझा. दुसऱ्या दिवशी कामावर लक्षच लागेना. एका म्हाताऱ्या बाईंच्या कवळीचे पुढचे दात तिरके बसवले, मेण वितळवून पुन्हा सगळं पहिल्यापासून करावं लागलं. आणि खरं सांगते, मध्येच वाटून गेलं, मीच वाढवून सांगत होते का? आई तेच म्हणाली, वकील तेच म्हणाला, आता एक बिनतोंडाचं यंत्रही तेच म्हणतंय. तो माणूस यंत्रालासुद्धा पटवतो की काय, देव जाणे!

पण मग तू लिहिलेलं पुढचं वाचलं. निकाल सौम्य, म्हणून सर्जन म्हणाले की नाकातोंडात दाबानं हवा सोडणारा मास्क लावून झोपून बघा. आपले साहेब म्हणाले, 'तोंडाला सोंड लावून मी झोपणार नाही.' झोपेतसुद्धा रुबाब! मग सर्जन म्हणाले, ठीक आहे, टाळूची शस्त्रक्रिया करू. पडजीभ काढायची, टाळूची मागची मऊ बाजू थोडी कापून, ताणून शिवायची. मार्चअखेरची तारीखही मिळाली. आणि तू लिहितेस, 'किरकोळ आहे म्हणतात, ताई. एकदाचं कापलं की सुटलो.'

किरकोळ? घसा शिवल्यावर महिनाभर थुंकी गिळताना डोळ्यांत पाणी येतं म्हणतात. काहींचा आवाज नाकात जातो. काहींना पाणी प्यायलं की नाकातून येतं. अशी माणसं आमच्या लॅबमध्ये कवळीच्या मापाला येतात, मी पाहिली आहेत. ज्यांना खरोखर त्याची गरज असते त्यांनी ते सोसावं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण याला तेच हवंय का, हे ठरलं कशावरून? एका रात्रीच्या यंत्रावरून.

एकच विचारते. नीट आठवून सांग. यंत्र लावलं त्या रात्री तू कुठे झोपली होतीस?

ताई


शनिवार, २ मार्च

मला वाटलंच होतं.

'कुठे म्हणजे काय ताई, त्याच्या शेजारीच. नळी निसटू नये म्हणून त्या रात्री तर जास्तच सावध होते. तो थांबला की तू शिकवलंस तसा डाव्या खांद्याला धक्का देत होते.' तुझं वाक्य तुलाच परत पाठवतेय. पुन्हा वाच. पेटतोय का काही दिवा?

अगं वेडे, तपासणी त्याची झालीच नाही. ती तुझी झाली. श्वास थांबला आणि थांबून राहिला, तर यंत्र त्याची नोंद घेणार ना? तू त्याला थांबून राहूच देत नाहीस. थांबला की धक्का, धक्का बसला की तो कुशीवर, कुशीवर गेला की श्वास सुरू. तुझा हात किती तत्पर आहे तेवढंच त्या कागदावर उतरलंय, आणि वर नाव त्याचं छापलंय.

सोंगटी सरकवावी तसा तू धक्का देत असणार, न बघता. मला माहीत आहे. मीही तशीच द्यायचे. त्या धक्क्यानं तो जागा होत नाही, म्हणून त्याला पत्ताच नाही. आणि आपल्याला तो धक्का इतका अंगवळणी पडतो की आपण काही करतोय हेही लक्षात राहत नाही. म्हणूनच डॉक्टरांनी विचारलं 'रात्री काही विशेष?' तेव्हा तू म्हणालीस 'नाही.' तुला खरंच वाटलं की नाही.

तुझ्यावर खेकसावं असं फार वाटत होतं, पण या बाबतीत खेकसता येत नाही. हे तुला शिकवलं कोणी? मीच. तू नोकरी सोडून घरी बसली होतीस आणि मी उभ्या उभ्या पेंगत होते. मीच तुला बोलावून घेतलं. 'थोडे दिवस ये, त्याच्याकडे लक्ष ठेव, मला तेवढी झोप मिळेल.' मीच तुला आमच्या खोलीत खुर्ची मांडून दिली. मीच तुझा हात धरून त्याच्या खांद्यावर ठेवला आणि म्हटलं, इथे, असा, हलकेच. मग मी पलीकडच्या खोलीत जाऊन झोपले. अशी झोपले की घर लुटून नेलं तरी कळू नये. आणि लुटलंच की! खुर्चीवरची तू पलंगावर कधी गेलीस ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मला धाकटी बहीण राहिली नाही आणि तुला झोप राहिली नाही. त्याला मात्र दोघी मिळाल्या, एकीनंतर एक, एकाच कामाला.

हे लिहायचं नव्हतं. लिहिलं गेलं. खोडत नाही.

आता कामाचं. मी डॉक्टर नाही. मी दिवसभर जबडे हाताळते, पण प्लास्टरच्या जबड्यात जीभही नसते आणि श्वासही. म्हणून माझ्या शब्दावर काही ठरवू नका. पण आमच्याकडे काम पाठवणाऱ्या दंतवैद्य बाईंना मी विचारलं, नाव न सांगता. त्या म्हणाल्या, श्वासाची वाट कुठेही बंद होऊ शकते, नाकात, टाळूशी, जिभेच्या मुळाशी. कुठे बंद होते आणि किती, हे कळल्याशिवाय सुरी लावायची नसते. आजार सौम्य आणि अडचण टाळूशीच असेल तर टाळू कापून उपयोग होईलही. आजार भारी असेल आणि जीभ मागे पडत असेल, तर टाळू कापला काय नि न कापला काय. दुखणं सोसायचं, आवाज पणाला लावायचा आणि रात्री तो पुन्हा थांबतो तो थांबतोच. त्यात घोरणं मात्र कमी होतं म्हणे. म्हणजे बघ, थांबला आहे हे कळायची जी एक खूण होती, तीही गेली. सगळे समजणार बरा झाला.

सर्जनना जाऊन सांग. म्हण, मी त्याला रात्रभर हलवत होते, पुन्हा तपासा. दवाखान्यात तपासा, एकटा झोपवून. एवढंच वाक्य आहे. यात तुझं काहीच जात नाही.

ताई


सोमवार, ११ मार्च

भिंगरी,

काय गं ही भाषा! 'तुला माझा संसार बघवत नाही.' 'तुला फक्त स्वतःचं खरं करायचंय.' कुठून शिकलीस हे वाक्य फेकणं? शेजारी झोपून झोपून आलं वाटतं.

हो, करायचंय मला स्वतःचं खरं. का करू नये? जे खरं आहे ते खरंच करायचंय मला. मला वेडी ठरवलं गं तुम्ही सगळ्यांनी. मी डोळ्यांनी बघितलेलं मी सांगत होते आणि तुम्ही मला म्हणत होता की तुझे डोळे बिघडलेत. ते कागद अजून कुठल्या तरी कपाटात असतील, शिक्के मारलेले. तेव्हा मला त्या दवाखान्यातून 'तीव्र' हा शब्द ऐकायचा आहे, हे मी लपवत नाही. पण मी दुष्ट असते तर काय केलं असतं सांग? गप्प बसले असते. तुझं पत्र वाचून घडी घालून ठेवलं असतं आणि होऊ दिली असती टाळूची शस्त्रक्रिया. त्याचा आवाज नाकात गेला असता, लिलावाच्या हॉलमध्ये लोक हसले असते आणि मला घरबसल्या सूड मिळाला असता. काडीचाही खर्च नाही.

तू जी कारणं दिलीस ती सगळी वाचली. तो खूश आहे. त्यानं हॉलमध्ये सगळ्यांना सांगून ठेवलंय की किरकोळच आहे. सर्जनना सांगायचं म्हणजे डॉक्टरांसमोर तो खोटा पडणार आणि घरी येऊन अबोला धरणार. त्याचा अबोला मला सांगू नकोस, मी त्यात न्हाऊन निघाले आहे. आणि सगळ्यांत शेवटी, पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात तू खरं कारण लिहिलंस. 'एक रात्र धक्का न देता सोडला आणि तो उठलाच नाही तर?'

बस. हे एक वाक्य वाचून माझा सगळा राग थोडा वेळ बाजूला गेला. ही भीती मला पाठ आहे. तुझ्यामाझ्याखेरीज ती जगात कोणालाच नाही, त्याला स्वतःलाही नाही. मी काय सांगते ते ऐक. दवाखान्यात तो एकटा नसतो. काचेपलीकडे माणूस बसलेला असतो, पडद्यावर त्याचा श्वास बघत. त्याचं तेच काम असतं, आणि दुसऱ्या दिवशी घरी जाऊन तो झोपतो. तुझ्यासारखं त्याला सकाळी उठून डबे भरायचे नसतात. त्या माणसाच्या हातात एक रात्र सोपवायला तुझी हरकत काय?

त्याच्या आवाजाचंच बघ. मला त्याचा कितीही राग असला तरी एक सांगते, माणूस पुकारायला उभा राहिला की हॉल गप्प होतो. मोडकी खुर्ची असो, कोणाच्या तरी आजीचं घड्याळ असो, तो 'एकवार' म्हणाला की मागच्या रांगेतला माणूस ताठ बसतो. 'दोनवार' म्हणाला की खिसे चाचपतात. मी पहिल्यांदा त्याला तिथेच बघितलं आणि गरज नसताना आरसा घेऊन घरी आले. तो आवाज हीच त्याची भाकरी आहे आणि तुझीही. एका चुकलेल्या रात्रीवर तो आवाज टेबलावर कापायला ठेवणार का तू? शिवलेल्या टाळूनं 'तीनवार' नाकातून आलं तर हातोडा कोण ऐकणार?

तारखेला फार दिवस उरले नाहीत. त्याला सांगायची भीती वाटत असेल तर त्याला सांगू नकोस. सर्जनना एकटीनं भेट. तेही जमत नसेल तर मी त्यांना पत्र टाकते, सही करून, 'पहिली बायको' असं लिहून. मग काय तमाशा होईल तो तू आवर.

ताई


बुधवार, २७ मार्च

भिंगरी,

तर सांगितलंस. शाबास म्हणणार नाही, उशीर केलास. पण तू लिहिलेलं वाचताना मी टेबलावरचं काम बाजूला सारलं, एवढं तुला कळू दे.

सर्जननी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, 'किती वेळा हलवता तुम्ही त्यांना?' आणि तू म्हणालीस, 'माहीत नाही हो, झोपेतसुद्धा हलवते.' मग ते म्हणाले, 'मग आम्ही जे मोजलं ते काहीच नाही.' काय गं, एवढं एक वाक्य ऐकायला मला कितीतरी वर्षं लागली, आणि ते ऐकायला हजर होतीस तू!

दवाखान्यात तो झोपला त्या रात्री तू घरी होतीस आणि तुला झोप आली नाही, हात आपोआप रिकाम्या बाजूला जात होता, असं लिहिलंस. जाईल. अजून बरेच दिवस जाईल. मी एकटी राहायला लागल्यावर माझा हात भिंतीवर आपटायचा.

आणि निकाल 'तीव्र'. मी ते पत्र स्वयंपाकघरात उभी राहून वाचलं. वाटलं होतं नाचेन. पेढे वाटल्यासारखं काहीतरी होईल. काहीच झालं नाही. खुर्चीवर बसले आणि रडले, रागानं की कशानं कोण जाणे. मला बरोबर ठरवायला एक पट्टा आणि चार तारा पुरल्या. माझा शब्द पुरला नाही.

नंतर गुंगी देऊन नाकातून कॅमेरा घातला आणि दिसलं की जीभच मागे पडते. टाळूचा भाग त्यात थोडासाच. जबडा लहान आणि आत बसलेला, जिभेला जागाच नाही. त्याची हनुवटी आत आहे हे मी लग्नाआधीच पाहिलं होतं, तो दाढीखाली ती लपवायचा. म्हणजे टाळूची शस्त्रक्रिया रद्द. देवा, वाचला बिचारा! बिचारा म्हणवत नाही, पण वाचला.

आता तू विचारतेस, पुढे कुठला रस्ता? सर्जननी तीन सांगितले, ते तू उतरवून पाठवलेस. मला जे वाटतं ते लिहिते. पण त्याचं शरीर आहे, त्याला निवडू दे.

छातीत यंत्र बसवून जिभेच्या नसेला झोपेत हलके झटके द्यायचे, म्हणजे जीभ पुढे राहते. कापाकापी थोडी, आवाजाला धोका कमी. पण आधी मास्क लावून बघितल्याशिवाय ते बसवत नाहीत, आणि वजन उतरवायला सांगतात. त्यानं वजन उतरवलं तर मी प्लास्टर खाईन.

गळ्याला भोक पाडणं हे अगदी शेवटचं. सर्जननी सांगितलं कारण त्यांना सगळं सांगावं लागतं. ते सोडून दे, त्याच्या विचारानं रडत बसू नकोस.

आणि तिसरं, वरचा आणि खालचा, दोन्ही जबडे कापून पुढे आणायचे आणि पट्ट्या ठोकून बसवायचे. भयंकर वाटतं. पण त्याच्यासारख्या जबड्याला त्यानंच सगळ्यांत जास्त गुण येतो, असं दंतवैद्य बाईही म्हणाल्या. किंमत अशी, की कित्येक आठवडे दात रबरांनी बांधलेले, सगळं पातळ खायचं, खालचा ओठ महिनोन्महिने बधिर, काहींचा कायमचा. बोलणं हळूहळू येतं. लिलाव पुकारणारा माणूस आणि बांधलेलं तोंड! मी हसले, माफ कर. माफ नको करूस. हसले, झालं.

तू लिहितेस की त्याला हाच रस्ता आवडलाय, कारण सर्जननी संगणकावर चेहरा दाखवला आणि हनुवटी पुढे आलेली दिसली. 'मस्त दिसतोय की मी,' म्हणाला. अगं तीव्र आजार, ऑक्सिजन तळाला, हृदयावर ताण, आणि हा आरशात बघतोय! धन्य आहे.

माझं म्हणणं एकच. शस्त्रक्रियेची तारीख येईपर्यंत काही महिने जातील. तोवर मास्क. सोंड तर सोंड. कदाचित मास्कनंच भागेल आणि जबडा कापावाच लागणार नाही. ते कळायच्या आधी कोणी सुरी उचलू नये. त्यानं नाही म्हटलं तर त्याला सांग, आता मी धक्का देणार नाही. आणि देऊ नकोस. मनगट उशीखाली दाबून ठेव, पण देऊ नकोस.

ताई


रविवार, २१ एप्रिल

भिंगरी,

मास्क लावतो म्हणे. धमकी चालली तर! दोन दिवस आदळआपट, मग तिसऱ्या दिवशी सकाळी उठला आणि स्वतःहूनच म्हणाला की डोकं दुखत नाहीये. दुपारी ताटावर पेंगला नाही. जबड्याचं आता सहा महिन्यांनी बघू, असं सर्जन म्हणाले. हे सगळं चांगलं झालं. मी लिहायचं म्हणून लिहीत नाहीये, खरंच चांगलं झालं.

आणि तू झोपलीस. सलग. उजाडल्यावर जाग आली आणि आधी कळेचना की आपण कुठे आहोत, असं लिहिलंस. ते वाक्य मी दोनदा वाचलं.

पण पुढचंही वाचलं. हॉलमध्ये पुकारा सुरू करायच्या आधी त्यानं सगळ्यांना गोष्ट सांगितली. 'डॉक्टर चुकले होते, माझ्या बायकोनं चूक पकडली. पहिली होती ती नुसती कटकट करायची, हिनं डोकं चालवलं.' टाळ्या पडल्या म्हणे. तू पहिल्या रांगेत बसली होतीस आणि तू काही बोलली नाहीस. तू मला हे कळवलंस तरी, एवढं तुझ्या बाजूनं लिहून ठेवते.

पुढे तू विचारलंस, जबड्याची शस्त्रक्रिया करायचीच झाली तर नंतरच्या रात्री कोणीतरी जागं बसायला लागेल, तोंड बांधलेलं असणार, 'ताई, तू येशील का? तुला सवय आहे.'

नाही. येणार नाही. दवाखान्यात परिचारिका असतात, घरी यायला पैसे देऊन माणूस मिळतं. मला सवय होती, ती मी मोठ्या कष्टानं मोडली. तो जागा झाल्यावर माझ्याकडे बघून काय बोलेल तेही मला आत्ताच ऐकू येतंय, आणि त्यावर पहिल्या रांगेत बसून मी गप्प राहणार नाही.

माफीचंही विचारलंयस. ती माझ्याकडे आज नाही. उद्याचं माहीत नाही. मागितलीस म्हणून हातात ठेवावी अशी ती वस्तू नव्हे.

एक मात्र तुला सांगायलाच हवं, कारण हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ते घर सोडल्यावर पहिले कित्येक दिवस मी नुसती झोपले. कामावरून यायचे, काहीतरी पोटात ढकलायचे आणि झोपायचे. मग एका सकाळी डोकं एकदम स्वच्छ झालं. आणि त्याची वाक्यं ऐकू यायला लागली, सगळी जुनी, एकेक करून, नीट. तोवर मला वाटत होतं की मी थकले आहे म्हणून तो मला वाईट दिसतो. होतं उलटंच. थकले होते म्हणून तो मला चालत होता. ज्याचा जीव आपण रात्रभर हातात धरतो, त्याच्यावर दिवसा रागावायला अंगात काही उरतच नाही. वाटतं, असू दे, जिवंत आहे ना.

तू आता झोपायला लागलीस. घाई करू नकोस. अजून महिना-दोन महिने पोटभर झोप. आणि मग एका सकाळी तो काहीतरी बोलत असेल, तुझ्याबद्दल किंवा माझ्याबद्दल, तेव्हा हातातलं काम ठेवून त्याच्याकडे नीट बघ. आपण दोघी कोणासाठी जागलो, ते तुला तेव्हा कळेल.

ताई